ढिल्या दुर्बिणीचा पुरावा

४ जानेवारी, रविवार.
रायफल क्लबात सराव. दहा गोळ्या झाडल्या, एकही मधल्या काळ्या वर्तुळात नाही. तीन डावीकडे वर, दोन उजवीकडे खाली, बाकीच्या कुठे गेल्या ते कळायला मार्ग नाही. साडूने माझा टार्गेटचा कागद पाहिला आणि याला गोवर आलाय का, असं विचारलं. संघात एकच जागा शिल्लक आहे आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघंच. निवड २५ तारखेला.
माझा हात दगडासारखा स्थिर आहे. म्हणजे दोष दुर्बिणीचा. म्हणजेच क्लबच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा, कारण रायफलवर दुर्बीण त्याने बसवली.

५ जानेवारी, सकाळी ६.
ठरलं. मिस्त्रीला सोडायचं नाही. रायफल आणायला गेलो होतो तेव्हा थोडं काम राहिलंय, जरा थांबा, असं काहीतरी म्हणत होता. मला घाई होती, मी उचलून आणली. त्याने मला अडवायला नको?

७ जानेवारी.
मिस्त्रीच्या दुकानात गेलो, फक्त दम द्यायला. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. रायफल आणा साहेब, एखादा स्क्रू ढिला राहिला असेल, दहा मिनिटांचं काम आहे, म्हणाला. मी मुद्दाम आवाज चढवला, तरी याचा चढेना. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?
रायफल देणार नाही. दुरुस्त झाली तर तक्रार कशाची करू?

८ जानेवारी.
दुर्बीण तपासली. पुढच्या रिंगेचे दोन्ही स्क्रू ढिले! बोट लावलं तरी दुर्बीण हलते. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बायको म्हणाली, मग पिळा की. हिला न्याय म्हणजे काय ते कळतच नाही.

११ जानेवारी, रविवार.
कमिटीला तक्रारअर्ज दिला. चार पानं. मिस्त्रीचं क्लबातलं काम कायमचं बंद करावं आणि त्याने सर्वांसमोर माफी मागावी. त्याची खाली गेलेली मान एकदा पाहिली की झालं, मला दुसरं काही नको. (संघातली जागा हवी.) सुनावणी २५ लाच, निवडीच्या आधी. रायफल पुरावा म्हणून क्लबच्या कपाटात ठेवली.

१८ जानेवारी, रविवार.
सराव केला नाही. पुरावा वापरून कसा चालेल? साडू रोज सराव करतोय म्हणे. करू दे बिचाऱ्याला. २५ ला सकाळी मिस्त्रीचा निकाल लावीन, मग पाच मिनिटांत स्क्रू पिळून दुपारी साडूचा.

२४ जानेवारी, शनिवार.
घात झाला! पुरावा शेवटचा तपासायला क्लबात गेलो. रजिस्टरमध्ये सही करून रायफल घेतली, पाच गोळ्या झाडल्या. पाचही काळ्याच्या मधोमध. एका बटणाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. आयुष्यात असा नेम लागला नव्हता. स्क्रू पाहिले तर घट्ट. मिस्त्री परस्पर येऊन पिळून गेला, लबाड!

त्याच दिवशी, दुपारी ४.
डोकं थंड ठेवून विचार केला. खोटं काही करायचं नाही. जे जसं होतं ते तसं परत ठेवायचं, बस. ॲलन कीने पुढचे दोन स्क्रू ढिले केले. मग राग आवरेना म्हणून मागचेही दोन. रायफल परत कपाटात ठेवली.

२५ जानेवारी, रविवार.
अर्ज वाचायला उभा राहिलो. तिसऱ्याच ओळीला मिस्त्री उठला. चूक माझीच आहे, म्हणाला. पुढचे दोन स्क्रू पिळायचे राहून गेले. गुरुवारी येऊन पिळले, क्लबच्या कॅप्टनसाहेबांनी स्वतः गोळ्या झाडून खात्री केली. सगळ्यांची माफी मागतो. मान खाली, अगदी मला हवी होती तशी. जिंकलो होतो मी.
मग प्रश्न मिटला, असं म्हणत कॅप्टनने रायफलची पेटी उघडली. दुर्बीण डगडगली. त्याने चारही स्क्रू बोटांनी फिरवून पाहिले आणि रजिस्टर मागवलं. गुरुवारनंतर सही एकच होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मिस्त्री तेवढा जमिनीकडे.
सहा महिने मला क्लबात यायला बंदी. संघात साडू.

१ फेब्रुवारी, रविवार.
मिस्त्री घरी आला होता. कमिटीला सांगू का, म्हणाला, की माझे स्क्रूच हलके होते, आपोआप ढिले झाले असतील? तुमची बंदी तरी उठेल. मग तुमच्या कामाचं काय, असं मी विचारलं. क्लबाचं काम जाईल, दुकान आहे की, म्हणाला.
नको म्हणालो. तेवढंच जमलं मला. पाणी पिऊन गेला.
याला मी सोडणार नाही, असं लिहायला वही उघडली होती. लिहवत नाही.