नातेवाईकांनी बाहेर बसावे

२ जानेवारी २०२५
संकल्प. यंदा मशीनला हरवायचं.
आमचे चिरंजीव मिहिर हैदराबादला परत जाताना माझ्या मोबाइलमध्ये रोगनिदान करणारं एआय टाकून गेले. म्हणाला, बाबा, अवघड केस याच्याशी डिस्कस करत जा, परदेशात मोठमोठे डॉक्टर करतात. करत असतील. लातुरात तेहतीस वर्षं ओपीडी चालवलेला माणूस फोनशी डिस्कस करत नाही. स्पर्धा करतो. मार्चमध्ये नांदेडला डॉक्टर मित्रांचं संमेलन आहे. तिथं पेपर वाचणार: 'अनुभवी डॉक्टर विरुद्ध एआय'. निकाल आत्ताच ठरलेला आहे, फक्त केसेस जमवायच्या.
मशीनचं नाव यंत्रोबा ठेवलं. टाइप करताना बोटं चुकतात, म्हणून तोंडीच सांगतो. मराठी समजतं त्याला, ऐकतंय बऱ्यापैकी; उत्तरही मोठ्यानं बोलून देतं आणि पडद्यावर लिहूनही ठेवतं.

९ जानेवारी
चाकूरचा रामलिंग. ताप. मी: टायफॉइड. यंत्रोबा: आधी रक्त तपासा. म्हणजे त्याला येत नाही. गुण मला.
(नंतर) रक्तात डेंगू निघाला. शेवटी तापच ना. गुण कायम.

१४ जानेवारी, संक्रांत
चंद्रप्रभा तिळाचे लाडू वळताना दोनदा पाट सोडून भिंतीला टेकली. थकवा म्हणे. अठ्ठावन्न वर्षांची बायको थकणारच, त्यात निदान काय करायचं?
हिचा आळस मात्र वाढत चाललाय. गौरी-गणपतीपासून देवपूजा माझ्या गळ्यात. गौरीसुद्धा शेजारच्या उमाबाईंकडून बसवून घेतल्या. गुडघे दुखतात म्हणते. हेच गुडघे गच्चीचा जिना चढतात, फक्त देवघराच्या उंबऱ्याशी दुखतात! यंदा हळदीकुंकूही नाही. मॉडर्न झाली असेल. माझी पूजा पाच मिनिटांत होते.

२१ जानेवारी
रेणापूरचा हणमंतराव बायकोला घेऊन आला. केवळाबाई. छातीत दुखतंय, श्वास घेताना जास्त. हणमंतराव म्हणाला, लई गॅस हाय तिला डाक्टरसाब, एक सुई मारा. ती खाली बघत होती.
बाईची हिस्टरी मी नेहमी बाईच्या माणसाकडून घेतो. बायका माहेरापासून सुरुवात करतात. नवरा दोन वाक्यांत केस हातात देतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पेपरात घालावं.
यंत्रोबाला केस सांगितली. तो विचारतो, रुग्णाला स्वतःला विचारलं का? मी हणमंतरावाला विचारलं. तो म्हणाला, तिला काय कळतंय. तेच यंत्रोबाला कळवलं. सुई दिली. दोघं गेले.

२४ जानेवारी
केवळाबाईला तिचा भाऊ समोरच्या डॉ. महामायाकडे घेऊन गेला. ही पोरगी वर्षापूर्वी आमच्यासमोर दुकान मांडून बसली. दारावर पाटी: नातेवाईकांनी बाहेर बसावे. नवरा असो, सासू असो, सगळ्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवते आणि बाईशी एकटीशी बोलते. अशानं प्रॅक्टिस चालते का? चालते, पण तिच्याकडे पार्किंगला जागा आहे म्हणून.
तर केवळाबाईच्या दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. आमचा कंपाउंडर बसलिंगप्पा म्हणाला, हणमंतरावानंच हानलं तिला, समद्या गल्लीला म्हाईत हाय. मग हणमंतरावानं मला सांगायला नको? चुकीची हिस्टरी मिळाली तर डॉक्टर काय करणार. केस रद्द. यंत्रोबालाही गुण नाही.

८ फेब्रुवारी
चंद्रप्रभा पांढरीफटक दिसतेय. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा. उत्तम! घरचीच केस. पेपरचा शेवट सापडला.
सकाळीच हॉलमध्ये बसून यंत्रोबाला खणखणीत आवाजात केस सांगितली. आत ती भाकरी थापत होती. यंत्रोबा म्हणतो, या वयात हिमोग्लोबिन इतकं कमी होतंय म्हणजे रक्त कुठूनतरी जातंय. पाळी बंद झाल्यावर अंगावरून लाल जातं का? मी म्हटलं, नाही. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. माझ्या घरातलं मला माहीत नसेल तर कुणाला?
आत भाकरीचा आवाज थांबला. पीठ संपलं असणार. दळण आणायचं राहिलंय.
यंत्रोबाचा हट्ट बघा. पुन्हा विचारतो, रुग्णाला स्वतःला विचारलं का? अरे बाबा, मीच डॉक्टर, मीच नवरा, यापेक्षा खात्रीची हिस्टरी कोण देणार? तरी पोटाची सोनोग्राफी करा म्हणतो. मग मी आवाज चढवला. तेहतीस वर्षं सांगितली. लगेच नरमला. तुमचा अनुभव मोलाचा आहे म्हणाला, आहारातली लोहाची कमतरता हे कारण असू शकतं.
शरणागती! तारीखवार लिहून ठेवतो. लोहाची इंजेक्शनं सुरू. चंद्रप्रभाला म्हटलं, पालक खा, गूळ खा. ती हं म्हणाली.

२ मार्च
हिमोग्लोबिन वाढेना. पालक खात नसणार. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात तिच्या. बरंच झालं, भात कमी कर म्हणून मी सांगतच होतो.
संध्याकाळी म्हणाली, अहो, जरा बोलायचं होतं. मी पेपरची रंगीत तालीम करत होतो. म्हटलं, आधी हे शेवटपर्यंत ऐक. ऐकलं तिनं, भिंतीला टेकून, सगळं. तिची केससुद्धा. छान झालंय म्हणाली आणि उठून गेली. बोलायचं ते विसरली. बायकांचं असंच.

१६ मार्च, रविवार. नांदेड
दिवस सोन्याचा! पेपर गाजला. यंत्रोबाच्या शरणागतीला टाळ्या पडल्या. एका तरुण डॉक्टरनं उठून विचारलं, सर, सोनोग्राफी का नाही केली? तरुणांना मशीनशिवाय सुचतच नाही. लोक हसले.
दुपारी फोन चालू केला तर बसलिंगप्पाचे ढीगभर कॉल. चंद्रप्रभा मोरीत चक्कर येऊन पडली. त्यानं उचलून समोर नेली. समोर! मी झापलं. म्हणाला, तुम्ही नांदेडला, मंग कुनाला दावू?

१७ मार्च
महामाया म्हणाली, अंगावरून जातंय त्यांना. गौरींपासून. कधी थेंब थेंब, कधी लुगडं भिजेल इतकं. गर्भपिशवीच्या अस्तरात गाठ आहे, तुकडा तपासायला पाठवलाय.
गौरींपासून. पूजा तेव्हापासूनच माझ्याकडे आहे.
चंद्रप्रभाला विचारलं, मला का नाही सांगितलं? घरात डॉक्टर असताना? ती म्हणाली, तुम्ही त्या फोनला सांगत होता ना, नाही म्हणून. मी आतून ऐकलं. वाटलं, तुम्ही नाही म्हणताय म्हणजे ते धरण्यासारखं नसेल. आणि एवढ्या मोठ्यानं बोलत होता, मध्ये कसं बोलायचं?
मग तिनंच विचारलं, पूजेत खंड तर पडला नाही ना.

२९ मार्च
रिपोर्ट आले. कॅन्सर. फुप्फुसांत उतरलाय. महामाया म्हणाली, सुरुवातीला कळलं असतं तर पिशवी काढून बहुतेक निभावलं असतं. आता आराम पडेल एवढं बघायचं. सर म्हणाली मला, दोनदा. तिनं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.
शांतपणे विचार केला. माझं निदान चुकलं, यंत्रोबाचंही चुकलं. त्यानं लेखी मान्य केलं होतं. म्हणजे बरोबरी.
मिहिरचा फोन आला. रडत होता. म्हणाला, तुमचं एआयशी झालेलं बोलणं पाठवा, त्यानं आईबद्दल विचारलंच नव्हतं का ते बघायचंय. मी म्हटलं, डिलीट झालं. मग आत जाऊन डिलीट केलं.

४ एप्रिल
चंद्रप्रभाला घेऊन समोर गेलो. केस मीच सांगणार होतो, नीट लिहून नेली होती, गौरींपासूनची. दारात महामायानं हात आडवा केला. म्हटलं, मी डॉक्टर आहे. ती म्हणाली, आज तुम्ही नातेवाईक आहात सर, बाहेर बसा. चंद्रप्रभाकडे बघितलं. वाटलं, राहू द्या म्हणेल. ती आत गेली. दार लागलं. पहिल्यांदा तिचा बोलण्याचा आवाज आला, बराच वेळ, न थांबता. शब्द ऐकू येत नव्हते.
बाकड्यावर हणमंतराव होता. केवळाबाईच्या बरगड्या दाखवायला आला होता; तिला एक्स-रेला नेलं होतं. मला बघून खूश झाला. म्हणाला, या डाक्टरसाब, हिकडं बसा, आपल्यासारख्या मान्सायला भायेरच बसवायली ती. सरकून जागा केली त्यानं.
बसलो.