गोळी आणि सुरी

प्रिय ठमे,

गेल्या आठवड्यात तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा प्रश्न तेच. गोळी घेतली का, रक्त तपासलं का, आकडा किती आला. माझ्या हृदयात झडप बसवलीय बाई, मीटर नाही. जावईबापूंनी पाठवलेले हातमोजे मिळाले. त्यांना नमस्कार सांग आणि हेही सांग की ते घालून दोरा तर सोडच, दाभणसुद्धा हाताला जाणवत नाही. फरशी पुसायला मात्र झकास आहेत.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं. पूर्वी चार पायऱ्या चढून बसावं लागायचं, आता जिना एका दमात चढते, हे मी विसरलेले नाही. झडप टिकटिकते, तिचीही सवय झाली. तुझे बाबा गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की काहीतरी वाजतंय ते बरंच. पण त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीपायी बाकीचं किती सोसायचं? दात घासले की रक्त. टेबलाचा कोपरा लागला की तळहाताएवढा काळानिळा डाग. पालेभाजी खायची, पण दर आठवड्याला तेवढीच, कमी नको, जास्त नको. डोकं दुखलं तरी आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि वर तू येऊन बाबांची सुरी, दाभणं, सगळं पिशवीत कोंबून घेऊन गेलीस. कापलं तर रक्त थांबणार नाही म्हणे.

अगं, मी शाळेत दोनच वर्षं गेले. वाचायला शिकले ती बाइंडिंगच्या त्या टेबलावर, छापून आलेले फर्मे दुमडता दुमडता. एका फर्म्यात सोळा पानं. पुढचा तुझ्या बाबांच्या हातात असला की गोष्ट अडायची, मग मी तो ओढून घ्यायची. गिऱ्हाईक बोंबलतंय म्हणून ते ओरडायचे, आणि जेवताना पुढे काय झालं ते मलाच विचारायचे. ते गेल्यावरही मी ते टेबल चालवलं. आता त्याच्यासमोर मला नुसतं बसवून तू म्हणतेस, आराम कर.

आता सांगते ते पूर्ण वाच, मग रड. वाचनालयातल्या बाई फाटका शब्दकोश घेऊन आल्या, मी हो म्हटलं आणि नवी सुरी आणि दाभण विकत आणलं. हात कापला तर पंचाईत नको म्हणून स्वतःच अक्कल लढवली. काम संपेपर्यंत रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवली. सहाव्या दिवशी सकाळी बाई कोश न्यायला आल्या. त्यांना दाखवायला मी पान उघडलं, तर अक्षरं ओळखू येईनात. नुसत्या काळ्या रेघा. बोलायला गेले तर जीभ वळेना. त्यांनी तशीच मला दवाखान्यात नेलं. पाऊण तासाने सगळं जागेवर आलं. डॉक्टर म्हणाले, झडपेवर गुठळी धरली, तिचा कण डोक्यात गेला, नशिबाने विरघळला. तुझे तिन्ही फोन मी तिथल्या खाटेवरून घेतले आणि घरीच आहे म्हणून थापा मारल्या.

काल घरी आले. गोळी पुन्हा सुरू आहे आणि आता मरेपर्यंत चुकवणार नाही. कामाचं मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, जपून करा, कापलं तर दाबून धरा, उशिरा पण थांबेल, नाहीच थांबलं तर लगेच या. एवढंच होतं गं ते. दीड वर्षात तू भीतीने विचारलं नाहीस आणि मी रागाने. बाजारातली सुरी बोथट आहे, मला बाबांचीच हवी. पार्सल करू नकोस, स्वतः घेऊन ये आणि दोन दिवस राहा. फोनवर हे सांगायला माझा धीर झाला नसता, म्हणून लिहितेय. त्या पाऊण तासात मला तुला हाक मारायची होती, ठमे, आणि तुझं नावच सापडत नव्हतं.

तुझीच, चिडकी पण शुद्धीवर असलेली,
आई