सहाला दहा कमी

४ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकट्या ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यात तुझ्या पोटाबद्दल दीड पान आणि माझ्या गुडघ्याबद्दल अर्धी ओळ होती. गुडघा आहे तसाच आहे. पोटाबद्दल वहिनीचं ऐक.

बातमी अशी, की तुमच्या नगरपालिकेने मला बोलावलंय. चौकातला पुतळा ठेवायचा की हलवायचा, यावर बारा मार्चला सभा आहे. पूल उडाला तेव्हा तिथे हजर असलेल्यांपैकी जे अजून धड बोलू शकतात त्यांनी येऊन सांगावं, असं पत्रात आहे. लेक म्हणाली, आई, धड बोलण्याबद्दल त्यांना कोणी सांगितलं? तिचा स्वभाव मामावर गेलाय.

पुतळ्यातल्या त्या माणसाला तू अजून अध्यक्ष म्हणतोस. मी पूलमोडेच म्हणणार. लढाईत त्याने रेडिओवरून शब्द दिला, की संध्याकाळी सहापर्यंत पूल खुला आहे, पलीकडच्यांनी अलीकडे यावं. आणि सहाला दहा कमी असताना पूल उडवला. आमचे मास्तर पलीकडे राहिले, तीन वर्षं शत्रूच्या छावणीत काढली आणि लंगडत परत आले. शाळेत पुन्हा चित्रकला शिकवली, पण नदीचं चित्र कधी काढलं नाही. हे सगळं मी त्या सभेत सांगणार आहे.

एवढंच एक हवंय. तू घड्याळजी, मनोऱ्याचं घड्याळ तुझ्या हातातलं आणि मास्तरांच्या मनगटावरचं घड्याळही तूच लग्नात दिलेलं. त्यांचं घड्याळ बरोबर होतं एवढं लिहून दे. एक्केचाळीस वर्षं विचारतेय आणि तू हवापाण्याबद्दल बोलतोस.

गाडी चुकणार नाही. अप्पांनी घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवून आपल्याला वाढवलं, मी अजून सगळीकडे आधी पोचते आणि लोकांना अवघडून टाकते.

वहिनीला सा. न. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी
ठकू

*

९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पोट बरं आहे. गुडघ्याला शेकत जा. झाली बरोबरी.

पुतळ्याचं म्हणशील, तर त्याचा उजवा हात पूर्वी पुलाकडे होता. नवा पूल वरच्या अंगाला झाल्यापासून तो हात बस डेपोकडे आहे. बाहेरगावची माणसं त्यावरून रस्ता ओळखतात, म्हणजे त्याचा उपयोग कोणीच नाकारू शकत नाही.

तू रागावशील, पण लिहितो. त्या दिवशी पलीकडच्या टेकडीवर तोफा चढल्या होत्या. पूल शाबूत राहिला असता तर रात्रीच्या जेवणाला शत्रू आपल्या चौकात असता. अलीकडे साडेचार हजार माणसं होती. त्या माणसाला अर्ध्या दिवसात ठरवायचं होतं आणि आपण एक्केचाळीस वर्षं बसून त्याच्या चुका काढतोय. पुढे निवडणुकीत त्याला पाडलं ते कशावर? विरोधकांनी गावोगाव घड्याळाचं चित्र चिकटवलं आणि खाली लिहिलं, दहा मिनिटांचा दगा. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. शेवटी भाड्याच्या दोन खोल्यांत गेला.

नगरपालिकेने माझ्याकडे मनोऱ्याची वही मागितलीय. किल्ली कधी दिली, काटे कधी हलवले, हे अप्पांच्या काळापासून त्यात लिहितात. त्या वर्षीची वही कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सापडत नाही. मिनिटांचं काय घेऊन बसलीस? घड्याळं पुढेमागे होतात.

मुलीला आशीर्वाद. लोभ करतेसच, तो रागाच्या खाली कुठेतरी असू दे.

तुझा
दादा

*

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळं पुढेमागे होतात, हे तू लिहिलंस? दिवसाला तीन सेकंद मागे पडतं म्हणून गिऱ्हाइकाला आठवडाभर हेलपाटे घालायला लावणारा तू? मी पत्र लेकीला दाखवलं. ती म्हणाली, मामाला ताप आहे का विचार.

आणि तोफांचं मला सांगू नकोस. शत्रू तिसऱ्या दिवशी दुपारी नदीवर पोचला, त्यातले निम्मे सायकलवर होते. तुझ्या अध्यक्षाला घाई झाली होती. हे छापणारी दोन वर्तमानपत्रं त्याने बंद पाडली, ते तुझ्या पत्रात आलं नाही. जागा पुरली नसेल.

आता मी सभेत काय सांगणार ते ऐक. आम्ही दोघं पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी होतो, रांग सरकत होती. माझं शिवणयंत्र मागे हातगाडीवर राहिलं होतं. मास्तर म्हणाले, अजून बारा-तेरा मिनिटं आहेत, घेऊन येतो. मी म्हटलं, मनोऱ्यात सहाला तीनच कमी आहेत. ते म्हणाले, मनोरा चुकतो, पण तुझ्या भावाने लावलेलं हे घड्याळ चुकत नाही. मी मनोऱ्याकडे पाहिलं, त्यांनी मनगटाकडे. मी धावत सुटले आणि ते मागे वळले. अलीकडे पाय टेकला तेव्हा टोल पडायला लागले. मी पाच मोजले आणि पूल उडाला. सहावा घाबरून मोजायचा राहिला असेल.

परत आल्यावर मास्तरांनी ते घड्याळ खणात टाकलं. म्हणाले, चूक माझ्या घड्याळाची. मरेपर्यंत तेच म्हणत होते. शिवणयंत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणून मला ते जास्त लागतं.

त्याच दिवशी दारात चेमटून तुझी दोन बोटं वाकडी झाली होती, त्यामुळे तुलाही तो दिवस विसरता येणार नाही. किल्ली शोध. सरळ उत्तर दे.

लोभ तुझ्या उत्तरावर अवलंबून आहे, असं लिहिणार होते. लिहीत नाही.

ठकू

*

२० फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

किल्ली हरवलेली नव्हती. ती माझ्या जानव्यासारखी एक्केचाळीस वर्षं गळ्यात आहे, तुझ्या वहिनीला विचार.

त्या दिवशी दुपारी मी मनोऱ्यावर होतो. वरून पलीकडचा काठ दिसायचा. लोक कपाटं बांधत होते, आरसे गोणपाटात गुंडाळत होते, आणि त्यात तू होतीस. तुला बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मला माहीत. अप्पा आपल्याला जसं वेळेवर बाहेर काढायचे तसं मी सगळ्यांना काढायचं ठरवलं. साडेतीन वाजता मनोऱ्याचा काटा दहा मिनिटं पुढे केला. वहीत तशी नोंद केली, कारण नोंद न करता काटा हलवायचा नाही ही अप्पांची शिस्त.

पूल कधी उडवायचा हे अधिकारी स्वतःच्या घड्याळात बघतील असं मी धरून चाललो. त्यांना आदेश होता, मनोऱ्याच्या सहाव्या टोलावर उडवा, म्हणजे दोन्ही काठांना ऐकू येईल. हे मला पहिला टोल पडला तेव्हा कळलं. खाली निशाणवाल्याने हात वर केला आणि टोलागणिक एक एक बोट उघडायला लागला. टोल मधे थांबवायची सोय त्या घड्याळात नाही. सहाव्याला मी हातोड्याखाली हात घातला. तू बरोबर मोजलेस, पाचच पडले. त्या माणसाने सहावा मनातल्या मनात मोजला.

दार वगैरे काही नव्हतं.

वर्षभराने मी अध्यक्षांना सगळं लिहिलं. तेव्हा ती चित्रं भिंतीभिंतीवर होती आणि माझ्या एका पत्राने ती उतरली असती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: टोलावर उडवण्याचा आदेश माझा होता. आपण घड्याळ दुरुस्त ठेवावे. ते मी वहीतच चिकटवलंय.

अजून एक आहे आणि ते लिहायला मला चार दिवस लागले. मास्तर सुटून आले त्याच आठवड्यात दुकानात आले. घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, बघा हो, हे मागे पडत होतं का? मी उघडलं, भिंगातून पाहिलं. त्यात काही दोष नव्हता. मी म्हणालो, हो, थोडं मागे पडत होतं. ते म्हणाले, मग ठीक. त्यांना हायसं वाटल्यासारखं मला तेव्हा वाटलं. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

मास्तरांचं घड्याळ बरोबर होतं, ठकू. हे तुझं सरळ उत्तर.

लोभाबद्दल काही मागायची माझी प्राज्ञा नाही.

दादा

*

२७ फेब्रुवारी

रा. रा. घड्याळजी, मनोरा, यांस
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले.

दहा मिनिटे पुढे केलीत ते समजू शकते. त्यामुळे मी जिवंत आहे, हेही समजते. मास्तरांना दिलेले उत्तर समजत नाही. ते गेले त्याला अकरा वर्षे झाली. त्याआधी सत्तावीस वर्षे ते आपल्या दुकानात येऊन चहा पीत होते.

बारा तारखेच्या सभेला मी येणार आहे. उतरण्याची सोय दुसरीकडे केली आहे. कळावे.

मास्तरांची पत्नी

*

४ मार्च

प्रिय वन्सं, अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारी बाई नाही हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा थोडक्यात लिहिते. तुमचं कार्ड आल्यापासून यांनी घरातली सगळी घड्याळं बरोबर लावलीत. सासूबाईंच्या खोलीतलं, स्वयंपाकघरातलं, माझ्या उशाचंसुद्धा. परिणामी आम्ही आता सगळीकडे उशिरा पोचतो. परवा दवाखान्याचा नंबर गेला, काल डॉक्टर जेवायला उठून गेले.

मला हे सगळं ठाऊक होतं का, असं तुम्ही विचाराल. बोटांचं ठाऊक होतं. मास्तरांच्या घड्याळाचं नव्हतं. ते कळल्यावर मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही आणि यांना ते कळलंही नाही, कारण हेही कोणाशी बोलत नव्हते.

वही सभेत नेणार म्हणतात. मी म्हटलं, वन्संसाठी नेताय की अध्यक्षांसाठी? म्हणाले, मास्तरांसाठी. एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला माफ करा म्हणायला मी सांगणार नाही, मी स्वतः अजून केलेलं नाही. पण उतरायला दुसरीकडे जाऊ नका, गादी उन्हात घातलीय.

लोभ आमच्यावर नसला तर गादीवर असू द्या.

तुमची
वहिनी

*

१७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गादी चांगली होती, वहिनीला सांग. तुझ्याशी मी तीन दिवसांत फार तर वीस वाक्यं बोलले असेन, त्यातली सहा मिठाबद्दल होती. म्हणून बाकीचं लिहिते.

सभेत तू उठलास. वही उघडून तू नोंद वाचलीस, मग अध्यक्षांचं उत्तर वाचलंस. तेवढ्यावर थांबला असतास तरी नगरपालिकेला पुरलं असतं. पण तू भर सभेत म्हणालास, की मास्तरांचं घड्याळ एका सेकंदानेही चुकत नव्हतं आणि मी त्यांना खोटं सांगितलं. मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनी काय म्हणाला असं विचारलं, तर तू ते पुन्हा म्हणालास, मोठ्याने. मला आधी राग आला आणि मग रडू आलं. दोन्ही मी रुमालात घेतलं.

माझं म्हणणं मी बदललं नाही, ते तू ऐकलंसच. दहा मिनिटं तुझी, पण पूल त्याचा. खरे सहा वाजेपर्यंत थांबला असता तरी रांग संपली नसती, माझ्यामागे दोन-तीनशे माणसं होती. त्या माणसांचा हिशेब त्याच्याकडेच राहील. मात्र त्या माणसाने एक गोष्ट नीट केली. गावोगाव शिव्या खाल्ल्या आणि एका घड्याळजीचं नाव सांगितलं नाही. हे कबूल करायला मला अख्खा प्रवास आणि डोकेदुखीच्या दोन गोळ्या लागल्या. तरी मी त्याला पूलमोडेच म्हणणार.

निकालाचं इथल्या पेपरात आलंय. सात हलवा, सात ठेवा, आणि सभापतींनी आपलं मत पुतळा धुण्याच्या बाजूने दिलं. म्हणजे तो बस डेपो दाखवत राहणार. राहू दे, लोकांची सोय होते.

आता तुझं. माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण ते मास्तरांनी करायचं होतं आणि तू त्यांना तशी संधी दिली नाहीस. माझ्या वाटणीचं मी बघतेय. वेळ लागेल. तोवर तुझ्या पोटाची बातमी कळवत जा, दीड पान चालेल.

खणातलं घड्याळ मी सभेसाठी बरोबर आणलं होतं, ते तू साफ करून, चालू करून माझ्या हातात दिलंस तेव्हा मी न बघता पिशवीत टाकलं. आज सकाळी काढलं आणि रेडिओशी ताडून पाहिलं. सेकंदाचाही फरक नाही. लेकीला बोलावून दाखवलं, तिनेही दोनदा ताडून पाहिलं.

मग ती आत गेल्यावर मी चावी ओढली आणि ते दहा मिनिटं पुढे करून ठेवलं. मास्तर आता वेळेत निघतील.

लोभ आहे.

तुझी
ठकू