एस्किल्डचं नाक आणि माझी लोकर

७ ऑक्टोबर १९७३, रविवार

एस्किल्डचं नाक गेलं! म्हणजे जागेवर आहे, चांगलं बटाट्याएवढं आहे, पण आतला कारभार बंद. तीन आठवड्यांपूर्वी सफरचंदं काढताना शिडीवरून पडला, डोकं आपटलं, तेव्हापासून कसलाच वास येत नाही. आणि हे मला आज सांगतोय — नवराच तो! मला वाटलं थट्टा करतोय. खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी उघडून नाकाखाली धरली. ढिम्म.

गावात बोभाटा नको म्हणून ओडेन्सच्या डॉक्टरला दाखवून आला. 'परत येईल, नाहीतर नाहीही येणार.' एवढं तर मीही सांगितलं असतं, तेही फुकट.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर मी हसले असते. पण हा एकतीस वर्षं पाईपच्या तंबाखूच्या कारखान्यात मुख्य मिश्रणकार, सगळ्यांचा 'उस्ताद'. कुठलं पान किती घालायचं, कुठलं पिंप फेकून द्यायचं, सगळं याच्या नाकावर. आणि १२ फेब्रुवारीला संस्थापकांचा वाढदिवस. त्या दिवशी कारखान्याच्या बारा मिश्रणांपैकी कुठलीही सात बिननावाच्या बरण्यांतून येतात. उस्तादाने सगळ्यांसमोर, बरणीत न डोकावता, दुसऱ्याने भरलेल्या मातीच्या कोऱ्या पाईपमधून प्रत्येक ओढायचं आणि नाव सांगायचं. एक चुकलं तर हसण्यावारी नेतात. दोन चुकली की ॲप्रन काढून मालकाच्या हातात. याच्या आधीच्या उस्तादाने असाच काढून दिला होता, आणि तो पुन्हा कधी बाजारातसुद्धा दिसला नाही.

बोलता बोलता रडला. मीही रडले. मग हेरिंग उघडलीच होती म्हणून खाल्ली.

९ ऑक्टोबर

मी म्हटलं, "माझं नाक आहे ना." तर हसला!

"तंबाखू म्हणजे सूप नव्हे, रिग्मोर."

एकतीस वर्षं याचा कोट दारात झटकतेय मी! मे महिन्यात तुम्ही लोकांनी बर्लीचं पान जास्त घातलं होतं, आणि पन्नास साली कोकोचं पिंप सांडलं होतं — कोटावरून सांगितलं सगळं. त्याने उठून तंबाखूची डबी आणली. कॉफीनंतर मला पहिला पाईप भरून दिला. गाडीच्या इंजिनासारखा ओढला मी. जीभ भाजली, खोकल्याने मांजर खाटेखाली गेलं.

"घोट घे गं, घोट! कढत कॉफी पितेस ना, तसा."

२० ऑक्टोबर

आता जमतं. तो घरी पुड्या आणतो, मी ओढते, बोलते, तो अहवाल लिहितो. लाटाकिया म्हणजे धुरावर सुकवलेलं पान. मी सांगितलं, "धुरी दिलेला ईल मासा, आणि दफनविधीहून परतलेल्या पाद्र्याचा ओला कोट."

"हे मी अहवालात लिहू?"

"मग काय लिहितोस एरवी?"

"'समाधानकारक.'"

एकतीस वर्षं हा माणूस 'समाधानकारक' लिहितोय! माझ्या स्वयंपाकालाही तेच म्हणतो. मी पाद्र्याचा कोट लिहायलाच लावला.

३ नोव्हेंबर

कारखान्यात कौतुक! तरुण मालक प्रेबेन, अठ्ठावीस वर्षांचा, कोपनहेगनहून शिकून आलेला, एस्किल्डला म्हणाला, "उस्ताद, अलीकडे तुमच्या लेखणीला काय बहर आलाय!" एस्किल्ड सांगताना कानापर्यंत लाल. मी मात्र दिवसभर अभिमानाने फुगून होते. शेजारीण म्हणाली, "रिग्मोर, लॉटरी लागली का गं?"

पण हाच प्रेबेन कोपनहेगनचा कुणी पस्तिशीतला तज्ज्ञ हेरून बसलाय म्हणे. नुसती १२ फेब्रुवारीची वाट बघतोय. एस्किल्डने हे चमच्याकडे बघत सांगितलं.

११ नोव्हेंबर

आज पाप केलं. नवीन मिश्रण आलं होतं, पेरीक जास्त घातलेलं. पेरीक पिंपात दाबून आंबवतात, त्याला सुकलेल्या आलुबुखारासारखा वास येतो आणि घशात मिरी. ओढलं आणि तोंडून निघून गेलं, "ही तर थेट तुझी बहीण! आधी गोड, मग जीभ भाजते, आणि निघून गेली तरी तासभर खोलीतून हटत नाही."

एस्किल्ड इतका हसला की चष्मा खाली पडला. असा मनापासून, सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच! नाव तेवढं गाळून त्याने तसंच लिहिलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

तेलाच्या टंचाईमुळे आजपासून रविवारी गाड्यांना बंदी. रस्त्याच्या मधोमध मुलं स्केटिंग करताहेत. कुणी येणार नाही, कुठे जायचं नाही. तीन पाईप ओढले. एस्किल्ड बोलत होता — त्याच्या बाबांबद्दल, बंदरावरच्या पहिल्या नोकरीबद्दल. लग्नाआधी मला भेटायला यायचा तेव्हा तंबाखूचा वास जावा म्हणून सायकल मुद्दाम समुद्राकडून वारा घेत आणायचा म्हणे. मला हे आत्ता कळतंय!

एरवी घरी आला की म्हणायचा, 'दिवसभर चव घेतली, जिभेला विश्रांती हवी,' आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचा. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याशी बोलण्यासारखं काही नसेल. लिहूनच टाकते: त्याचं नाक गेल्याचा मला आनंद होतो. आणि मग लाज वाटते. आणि मग कॉफीची वेळ होते.

१२ डिसेंबर

युक्ती सापडली! परीक्षेच्या दिवशी बायका पहिल्या रांगेत बसतात. बरणी आधी आमच्या रांगेतून फिरते, प्रत्येकीने हुंगून आपला अंदाज टोपीत टाकायचा, आणि मग तिच्यातून उस्तादाचा पाईप भरतात. दरवर्षीचा खेळ. म्हणजे वास मला आधी मिळणार!

बारा मिश्रणं, बारा रंगांची लोकर. मी विणत बसणार. बरणी हुंगायची आणि त्या रंगाची पट्टी घालायला घ्यायची. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. 'काळी राजकन्या' काळी. 'सुगी' पिवळी. 'जुनं बंदर' हिरवं. 'कप्तानाचा रविवार' लाल.

एस्किल्ड म्हणाला, "ही लबाडी आहे, रिग्मोर."

मी म्हटलं, "हा मफलर आहे."

२४ डिसेंबर

नणंदेने, गुद्रुनने, एस्किल्डला नाताळची भेट म्हणून त्याच्याच कारखान्याच्या त्या पेरीकवाल्या मिश्रणाचा नवा डबा दिला. झाकणावर प्रेबेनने आमच्या अहवालातलं वाक्यच जरा गोड करून छापलंय: 'आधी गोड, मग धीट, आणि गेल्यावरही तासभर खोलीत दरवळणारी.' गुद्रुन म्हणाली, "वाचल्याबरोबर मला काहीतरी आपलंसं वाटलं." मी स्वयंपाकघरात जाऊन टॉवेल तोंडात कोंबला.

१३ जानेवारी १९७४

गुद्रुन तिचे फिशबॉल घेऊन आली. तिच्या घरचे मासे नेहमी दोन दिवस उशिरा शिजतात. एस्किल्डने शरद ऋतूत ते निमूटपणे गिळले होते, तेवढाच नाक जाण्याचा फायदा. आज म्हणाला, पोट भरलंय. गुद्रुन रुसली. सगळे मला संपवावे लागले.

२७ जानेवारी

तालीम. सातपैकी सात! मी लोकर उचलायच्या आत एकदा नाव सांगून बसला. म्हटलं, घाई करू नकोस, बघ तरी नीट. म्हणाला, तुझा हात टोपलीकडे वळला की मला कळतं. एवढं लक्ष कधीपासून असतं याचं माझ्या हाताकडे?

१० फेब्रुवारी

सर्दी. मला!

११ फेब्रुवारी

वाफ घेतली, कापूर चोळला, कच्चा कांदा खाल्ला. काही उपयोग नाही. नाकात जणू बूच बसलंय. स्वतःचा पाईप ओढला तर नुसता गरम धूर. एस्किल्ड सारखा म्हणतोय, "काळजी करू नकोस." काळजी करू नकोस! ॲप्रन याचा जायचाय आणि झोप माझी उडालीय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं लिहिणार.

कारखान्याचा मोठा हॉल. राय ब्रेड, बिअर, भिंतीवर संस्थापकांची तसबीर. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी आस्टा, पॅकिंग विभागाची मुकादम. तिच्या नजरेतून माशी सुटत नाही. "रिग्मोर, समारंभाला विणकाम?" मी म्हटलं, "सर्दीत हात गरम राहतात." समोर टेबलामागे एस्किल्ड, स्वच्छ ॲप्रन. त्याच्या शेजारी प्रेबेन, हातात घड्याळ.

पहिली बरणी आली. हुंगली. काही नाही! मग डोळे वापरले. कुळकुळीत काळी, बारीक — 'काळी राजकन्या.' काळी लोकर. एस्किल्डने पाईप ओढला, नाव सांगितलं, टाळ्या. दुसरी सोनेरी, जाड चकत्यांची — 'सुगी.' पिवळी. तिसरी-चौथीही दिसण्यावरून जमली. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि मफलर वाढत होता.

पाचवी उघडली. तपकिरी, उभी चिरलेली. 'जुनं बंदर' तसंच दिसतं, 'कप्तानाचा रविवार'ही तसाच! बोटांत चुरडली. जवळजवळ नाकात घातली. आस्टा म्हणाली, "अगं, खातेस की काय?" शेवटी परमेश्वराचं नाव घेऊन लाल लोकर उचलली.

एस्किल्डने लोकरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मिशीत हसला, अगदी हसला! पाईप पेटवला, एक घोट, दोन घोट. मग म्हणाला, "जुनं बंदर. आणि गेल्या वर्षीपेक्षा जरा ओलं भरलंय, आस्टा."

प्रेबेनने चिठ्ठी उघडली. जुनं बंदर!

सातव्या बरणीनंतर लोकांनी बाकं बडवली. सातपैकी सात. प्रेबेनने त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "उस्ताद, तुम्ही निवृत्त होईपर्यंत ही खुर्ची तुमची. आणि डब्यांवर लिहायचंही तुम्हीच." कोपनहेगनचा तज्ज्ञ कोपनहेगनलाच राहणार!

घरी येताना विचारलं, "अरे, मी लाल दाखवली होती!" तर म्हणे, "हो का? त्या दिव्यांत मला हिरवीच दिसली." देवाची कृपा म्हणायची. मी रडले, शिंकले, पुन्हा रडले.

१५ फेब्रुवारी

सर्दी गेली. मला वाटलं होतं, परीक्षा संपली, आता पुन्हा वर्तमानपत्र. पण कॉफीनंतर चार पुड्या टेबलावर ठेवून म्हणाला, "नाक अजून कुठे आलंय? तुझ्याशिवाय कसं चालणार?" इतकं बरं वाटलं की त्याला दोनदा केक वाढला.

१७ फेब्रुवारी, रविवार

चुलीवर तांदळाची खीर ठेवली होती आणि मी दारात आस्टाशी बोलत उभी. ती 'सहज' आली होती, मफलरचा नमुना मागायला! 'सात पट्ट्या छान आहेत हो,' म्हणाली, आणि डोळा मारला. म्हणजे तिला कळलंय. पण कुणाला बोलणार नाही, प्रेबेन तिलाही आवडत नाही.

इतक्यात अंगणातल्या शेडमधून, चांगली वीस पावलांवरून, एस्किल्ड ओरडला, "रिग्मोर! खीर खाली लागतेय!"

मी धावले. खरंच लागत होती. इतकी थोडी, की घरात असून मला वास आला नव्हता.

मग तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा. "म्हणजे... लागली असेल असं वाटलं. बराच वेळ झाला ना."

"हो," मी म्हटलं, "बराच वेळ झाला."

जेवण झाल्यावर मफलर मांडीवर घेऊन बसले. पाचवी पट्टी लालभडक! कुठल्या दिव्यात ती हिरवी दिसेल? आणि ते फिशबॉल. आणि तालमीत लोकरीआधी सांगितलेलं नाव. निदान जानेवारीपासून याचं नाक ठणठणीत आहे! आणि मी कापूर चोळत बसले, कच्चा कांदा खाल्ला, सगळ्यांसमोर घामाघूम झाले!

असा राग आला की मफलर उसवायलाच घेतला होता. मग वाटलं, जानेवारीतच सांगितलं असतं, तर काय झालं असतं? वर्तमानपत्र. त्यालाही ते नको होतं. एवढा मोठा माणूस, आणि बायकोशी गप्पा मारायला नाक नसल्याचं सोंग करतोय! सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?

उसवला नाही. पण त्याला फुकट सोडणारही नाही.

१८ फेब्रुवारी

आज त्याचा पाईप मी भरला. कुंपणाजवळची वाळलेली खाजरी पानं, थोडी कॅमोमाइलची सुकी फुलं, आणि मांजराच्या टोपलीतलं गवत. पहिल्याच घोटाला डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कशी आहे गं?" विचारावंच लागलं बिचाऱ्याला.

मी म्हटलं, "व्हर्जिनियाची तंबाखू. जुनी, छान मुरलेली."

त्याने माझ्याकडे बघितलं, पाईपमध्ये बघितलं. मग राख होईपर्यंत सगळा पाईप ओढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "समाधानकारक. उद्याही तूच भर."