बर्नरला कर्नल म्हणणारा माणूस

अहो,

हाक मारायला मला एवढंच येतं. नाव कधी घेतलं नाही, मग पत्रात तरी कुठून येणार?

उद्या पंधरा ऑगस्ट. परवा शाळेचे हेडमास्तर घरी आले होते. झेंडावंदनाला यंदा शाल-नारळ मला, म्हणाले, फौजीची पत्नी म्हणून. तुम्ही होतात तेव्हा दरवर्षी पहिल्या खुर्चीत बसायचात, छाती काढून! तुम्हाला जाऊन चार महिने झाले, आता ती खुर्ची माझी. मी बरं म्हणाले आणि ते गेल्यावर तिथंच ओसरीत बसून राहिले. कारण मला सगळं कळलंय.

आधी गाड्याचं बोलू. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात तुम्ही तो औरंगाबादच्या छावणीतून, लिलावात काढून, ट्रॅक्टरच्या मागे बांधून बदनापूरला आणलात, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. दोन चाकं, त्यातलं एक बसलेलं. वर तीन डेगी, खाली रॉकेलचे तीन बर्नर, एक टाकी, एक पंप आणि सगळ्यावर गंजाचे पापुद्रे. तुम्ही म्हणालात, हे फौजेचं चालतं स्वयंपाकघर आहे, पायाला मार लागून सुटायच्या आधी यावरच मी शेकडो जवानांना जेवू घातलंय. झालं! मी पदर खोचला.

अख्खा हिवाळा आपण विटेच्या भुकटीनं अन् पॉलिश पेपरनं गंज काढला. डेगींना कल्हई केली. पंपाचं चामडी वायसर मी गोड्या तेलात भिजवून बसवलं, बर्नरची भोकं पिनेनं मोकळी केली. आणि तुम्ही शेजारी बसून डेगी घासता घासता मला फौजेची भाषा शिकवत होतात. बर्नरला म्हणायचं कर्नल, पंपाला बिगुल, डेगीच्या झाकणाला सुभेदार. एकदा मी पंपाला पंप म्हणाले तर केवढे चिडलात! "फौजेत असं बिलकुल चालत न्हाई." मग काय, गाडा घेऊन आपण लग्नांचे स्वयंपाक घ्यायला लागलो तेव्हा मांडवात भर गर्दीत मी ओरडायला लागले, कर्नल बारीक करा, बिगुल मारा. लोक कौतुकानं बघायचे. हसनाबादचा पाटील तर म्हणाला होता, गाडा असावा तर फौजीचाच.

पहिल्यांदा पेटवायची वेळ आली तेव्हा काडेपेटी तुम्ही माझ्या हातात दिलीत. "पहिला मान घरच्या लक्ष्मीचा," म्हणालात आणि पार लिंबाच्या झाडापर्यंत मागं सरकलात. जाळ असा उसळला की माझी एक भुवई गेली. तरी मी खूश! नवऱ्यानं मान दिला म्हणून. तेव्हापासून सात वर्षं गाडा मीच पेटवते आहे.

आता ऐका. फौजीच्या बायकोला सरकारकडून काही मदत मिळते म्हणे, त्यासाठी तुमचा फौजेतला नंबर पाहिजे होता. घनसावंगीला एक म्हातारे लांगरी आहेत, फौजेत वीस वर्षं स्वयंपाक केलेले, त्यांना असल्या कागदांचं कळतं असं ऐकलं. घनसावंगीचं एकही लग्न तुम्ही कधी घेतलं नाहीत. लांब पडतं म्हणायचात. हसनाबाद काय अंगणात होतं का?

मी निरोप धाडला तर बिचारे स्वतः आले. कागद मागाहून, आधी गाडा दाखवा म्हणाले. मी ऐटीत दाखवला. हा कर्नल, हा बिगुल, हा सुभेदार. ते ऐकत राहिले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे कोनी शिकवलं तुमाला? आमी बर्नरला बर्नरच म्हनत होतो."

मला वाटलं, म्हातारा विसरला असेल. त्यांच्या पुढ्यात मी तुमची ट्रंक उपसली, पार तळापर्यंत. फौजेचा एक कागद निघाला नाही. निघाला तो छावणीतल्या कुण्या ठेकेदाराचा पास. त्यावर तुमचा फोटो, मिसरूड फुटलेलं. खालची इंग्रजी ओळ त्यांनी वाचून दाखवली: काम, भांडी घासणे. घासणाऱ्यांना पेटत्या गाड्याजवळ येऊ देत नसत, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे तो मान नव्हता तर! तुम्हाला पेटवता येत नव्हतं. येत नाही म्हणाला असतात तर दोघं मिळून शिकलो नसतो का? तुम्ही मला जाळापुढे उभं केलंत आणि लिंबाखालून बघत राहिलात.

जाताना म्हातारे म्हणाले, "मूठ झाकलेली ऱ्हाऊ द्या. म्या कुठं बोलनार न्हाई."

महिनाभर मी ती मूठ झाकून बसले आहे. माझ्या आबांनी फौजी जावई मिळाला म्हणून गावभर पेढे वाटले होते. भांडी घासणाऱ्याला त्यांनी पोरगी दिली नसती, हे खरं. पण लग्नानंतर? एका घरात एवढी वर्षं काढली, एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही? मी कुणाला सांगत सुटले असते, असं वाटलं तुम्हाला? तुमची लाज मला कधीच वाटली नसती. आता वाटते, आणि ती भांड्यांची नाही.

उद्या मी शाळेत जाणार आहे, पण शाल घेणार नाही. माईकसमोर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा तुमचं नाव घेईन आणि सांगेन की हे फौजेत नव्हते, फौजेची भांडी घासत होते. लोक हसतील. येत्या लग्नसराईत हसनाबाद बोलावणार नाही कदाचित. तुम्ही रागवाल. रागवा! मीही रागावलेच आहे.

एवढा शब्द मात्र देते. भांडी घासण्याला मी उद्या हलकं म्हणणार नाही. त्या कामाला हलकं समजलात ते तुम्ही. आणि मलाही.

तुमची,
कौसल्या