रिकाम्या हॉलला दिलेला सूर

४ एप्रिल, अकोला

पोचले एकदाची. स्टेशनबाहेर आले आणि वाटलं, पुण्याच्या उन्हाला मी आजवर उगाचच नावं ठेवली. इथे व्हायोलिन शिकवणारे गौरांगसर स्वतः घ्यायला आले होते. ऑटोत बसल्यापासून त्यांचं एकच चालू होतं, मुलं, मुलं आणि मुलं. अकोल्यात उभ्यानं, समोर कागद ठेवून पाश्चात्त्य व्हायोलिन वाजवणारी मुलं आहेत हे मी सांगितलं तेव्हा पुण्यात सगळे हसले होते. मीही थोडीशी हसलेच होते.

जागा मोठी छान आहे. खाली एका जुन्या कापूस पेढीचं बंद ऑफिस, वर लांबलचक हॉल, हॉलच्या टोकाला माझी खोली. पेढीच्या कुठल्याशा साहेबानं मागे ठेवलेला पियानो हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. मुलांना महिनाभर पियानोवर साथ करायची, दोन मेला अमरावतीत कार्यक्रम, तीनला परत. आई गेल्यापासून घरात फ्रिजखेरीज कुणाचा आवाज नसतो, त्यामुळे सरांचा फोन आला तेव्हा मी पूर्ण ऐकून न घेताच हो म्हटलं.

जिन्यापलीकडे अकीला आपा राहतात. कपडे शिवतात, डबा त्याच देणार आहेत. मी एकटीच आले हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घरी कोणीच नाही काहून, असं सरळ विचारलं. पुण्यात हा प्रश्न विचारायला लोक दहा वर्षं घेतात. मला त्या आवडल्या.

७ एप्रिल

मुलं चार. मैथिली, फुरकान, खुशी आणि अरीबा. अरीबा चौदा वर्षांची, पातूरहून बसनं येते. तिचे वडील सरफराजभाई कूलर दुरुस्त करतात. पहिल्याच तुकड्यानंतर तिनं मला ऐकवलं, म्याडम, तुमी लय हळू वाजवून राहिल्या. सरांनी डोळे वटारले. पण पोरीचं बरोबर होतं.

तिचा हात सोन्याचा आहे. अमरावतीला मुंबईचे परीक्षक येणार आहेत, एका मुलाला निवडून तिकडे शिकायला नेणार. अरीबाच्या घरचं ठरलेलं आहे : या वेळी निवड झाली तर मुंबई, नाही तर दहावीचे क्लास आणि व्हायोलिन कपाटावर. हे तिनं मला अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

एक गंमत. वाजवण्याआधी साथीदार पियानोवर ‘ए’ हा सूर देतो आणि मुलं एकेक करून आपली तार त्याला मिळवतात. इथल्या पियानोचा ए उन्हाळ्यांनी पार उतरलाय. नागपूरचा ट्यूनर जूनआधी येत नाही, म्हणून सगळ्यांना आपापल्या तारा उतरवून घ्याव्या लागतात. जगात दुसरीकडे कुठे नसेल असा हा आमचा खास अकोल्याचा ए.

११ एप्रिल

दुपारी हे गाव मिटून जातं. बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडक्यांवर ओले पडदे, आत कूलर, आणि माणसं त्यामागे गडप. अशा वेळी आईची फार आठवण येते. उगाच फोन हातात घेते, आणि कुणाला करायचा ते सुचत नाही.

म्हणून आज पियानोवर बसले. अरीबाच्या संथ तुकड्यातली माझी बाजू पक्की करायची होती. सवयीनं आधी ए दिला. समोर कुणी नाही हे लक्षात आलं, तरी सवयीनंच जरा थांबले, कुणी तार मिळवत असावं तशी. तेवढ्यात लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि त्या शांततेत कुणीतरी तार मिळवली. बारीक, संकोचत, खालून वर येत बरोबर माझ्या सुरावर.

शेजारी कुणी शिकत असेल. छान वाटलं, खरं सांगायचं तर.

१४ एप्रिल

आज जयंती. सकाळपासून निळे झेंडे, डीजे, क्लासला सुट्टी. मिरवणूक संध्याकाळची, त्यामुळे दुपार होती तशीच रिकामी.

ए दिला. घेतला गेला. मी साथ सुरू केली आणि व्हायोलिन माझ्याबरोबर निघालं. अरीबाचाच तुकडा. हात कच्चा, पण जीव ओतून. मधल्या वळणावर ते अडखळलं आणि पुढचं विसरलं. मी काय करणार? साथीदार जे करतो तेच केलं, मागची ओळ पुन्हा वाजवून वाट दाखवली. ते आलं. माझ्या खांद्यामागे कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

शेजारी कुणी शिकत नाही. मी चौकशी केली. आणि बाहेरचं व्हायोलिन या उतरलेल्या सुरात मिळवलेलं असेलच कशाला?

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते असं, की वीस वर्षं मी लोकांच्या मागे बसून वाजवते आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी फक्त माझ्यासाठी आलं. संध्याकाळी मिरवणूक गेली तेव्हा खिडकीत उभी राहून मी टाळ्या वाजवल्या.

१८ एप्रिल

क्लासमध्ये ए दिला. मैथिलीनं घेतला, फुरकाननं घेतला, खुशीनं, अरीबानं. मग आणखी एकदा घेतला गेला.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. खुशी रडायला लागली. सर म्हणाले, हॉल रिकामा आहे, आवाज घुमतो. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

२१ एप्रिल

अकीला आपा डबा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. बाई, दुपारचं त्या पियानोच्या पेटीवर बसू नोका, म्हणाल्या. मी काहून विचारलं (हो, आता मीही काहून म्हणते), तेव्हा आधी नाही नाही म्हणाल्या, मग माझ्या पलंगावर बसून सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी इथे प्रणाली नावाची मुलगी होती. अंजनगावची, मावशीकडे राहायची. अमरावतीच्या कार्यक्रमात ती मधेच विसरली. साथीला कुलदीप म्हणून होते, नागपूरचे, मोठे वाजवणारे. त्यांनी तिला सांभाळून घ्यायचं सोडून हात मांडीवर ठेवले आणि चिडून गप्प बसले. पोरगी भरल्या सभेत बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, उचलून तशीच उभी राहिली, कुणीतरी दंडाला धरून नेईपर्यंत. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. शुद्धीत नव्हती तेव्हाही म्हणे एकच म्हणायची, सर, वाजवा ना.

पुढच्या उन्हाळ्यात कुलदीप पुन्हा आले. याच खोलीत राहिले. आपा म्हणाल्या, दिवसभर पियानो वाजून राहिला होता, थांबूनच नाही राहिला. मग थांबला. हॉलचं दार फोडलं तर माणूस बसल्या जागी गेलेला, बोटं पट्ट्यांवर. डाक्टरनं ऊन लागलं म्हणून सांगितलं.

माझ्या गुरूंचा पहिला धडा आठवला. वाजवणारा चुकेल, थांबेल, भरकटेल. साथीदारानं आधी थांबायचं नाही.

२३ एप्रिल

सरांना विचारलं. ते मोबाइलकडे बघत राहिले. म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? मुलांचं वर्ष जाऊ नये म्हणून नाही बोललो. मग फार हळू म्हणाले, प्रणालीला त्या दिवशी घाईनं स्टेजवर मीच ढकललं होतं.

त्यांच्यावर चिडताही येईना.

दुपारी पियानोवर बसले नाही. झाकण लावलं, खोलीत पडून राहिले. हॉलमधून तार मिळवल्याचा आवाज. ए न देताच. मग शांतता. वाट बघणारी.

संध्याकाळपर्यंत.

२६ एप्रिल

अरीबा आज अडखळली. तिथेच, मधल्या वळणावर. ती कधीच चुकत नाही.

त्याहून वाईट पुढे. ती सावरली, वाजवू लागली, पण माझे हात तिच्याबरोबर गेले नाहीत. ते दुसरीकडे चालले होते, किंचित मागे, माझ्या खांद्याजवळच्या कुणाच्या तरी बरोबर. आणि जसजशी मी तिकडे वळले तसतसा अरीबाचा आवाज विरत गेला. बो तारेवर फिरत होता. आवाज नव्हता.

तिनं व्हायोलिन खाली घेतलं. विचारलं, म्याडम, तुमी कोनाच्या संगं वाजवून राहिल्या?

मला रडू आलं. या पोरीचं सगळं आयुष्य त्या एका तुकड्यावर आहे, आणि माझ्या एकटेपणापायी मी दुसरंच कुणी आत बोलावून ठेवलंय.

२७ एप्रिल

पुन्हा तसंच. सरफराजभाई न्यायला आले होते. म्हणाले, हात दुखत असंल तर राहू दे, घरी चाल बेटा. ती हलली नाही.

मी पळून गेले तर तिला साथ नाही. राहिले तर —

२९ एप्रिल

दुपारी झाकण उघडलं. रिकाम्या हॉलशी मोठ्यानं बोलले. म्हटलं, प्रणाली, अमरावतीचा दिवस अरीबाला दे. तिच्या सुराला हात लावू नकोस. तुला जे मिळालं नाही ते मी देते. परत आल्यावर तुझ्याबरोबर बसेन, शेवटपर्यंत. आधी थांबणार नाही.

ए दिला.

तार मिळाली. स्वच्छ. पहिल्यांदाच न संकोचता.

२ मे, अमरावती

झालं. अरीबानं वाजवलं. असं की परीक्षकांच्या पेन्सिली थांबल्या.

मधलं वळण आलं तेव्हा मागून ऐकू आलं. इथला पियानो नीट सुरात आहे, त्यामुळे स्पष्ट कळलं — एक व्हायोलिन, आमच्यापेक्षा उतरलेलं. अकोल्याचा ए. एकच सूर. मग ते गप्प झालं. थांबलं. शब्द पाळला.

अरीबा पुढे निघून गेली.

निवड झाली. सरफराजभाई रडत होते. सर सगळ्यांना पेढे वाटत होते. साथीदाराकडे कुणी बघत नाही, आजही नाही. एकीनं बघितलं असावं. मान मागून गार पडली होती. उन्हाळ्यात.

३ मे, अकोला

गाडी रात्रीची. बॅग भरली. आपा म्हणाल्या, तोवर माझ्याकडे बसा. हो म्हटलं, चप्पल घातली, बॅग जिन्यापर्यंत नेली.

हॉलमधून तार मिळवल्याचा आवाज.

निघून जाता आलं असतं. कुलदीपही त्या वर्षी निघून गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात परत आलेच.

•

परत आत आले, हॉलला कडी लावली. वही पियानोवर ठेवली आहे. तुकड्यात मधे व्हायोलिन एकटं असतं, तेव्हा माझे हात मोकळे. तेवढ्यात लिहिते.

शेवटापर्यंत पोचलो. तिनं छान वाजवलं. मी तसं म्हटलंही.

तिनं पुन्हा सुरू केलं.

•

लाइट गेली. कूलर बंद. घाम वहीवर. किती वेळा झालं ते माहीत नाही. दर वेळी मधल्या वळणावर विसरते, दर वेळी मी वाट दाखवते, दर वेळी तो श्वास. तिला शेवट नकोच आहे. तिला तेवढंच हवंय, कुणी सांभाळून घेतलेलं —

बोटं सुजली —

•

दार वाजतंय. आपा. बाई, उघडा ना, काहून वाजवून राहिल्या. त्यांच्यामागे अरीबाचा आवाज. पेढे घेऊन आली आहे. पातूरहून, एवढ्या उन्हात. म्याडम, अब्बा बी आलेत.

हात उचलला. क्षणभरच.

व्हायोलिन माझ्या खांद्यामागून सरकलं. दाराकडे. दाराबाहेर अरीबा मधेच गप्प झाली — आवाजच नाही — आपा किंचाळल्या, बोल ना बेटा —

पट्टीवर हात ठेवला. ए दिला. ते परत आलं. बाहेर अरीबा खोकली, बोलली. बोलली.

आता कळलं. थांबायचं नाही.

•

सरफराजभाई दाराला धक्के देतायत. नका. तिला घेऊन जा. पातूरला. मुंबईला. मोठ्यानं सांगावं तर तोंडाला कोरड —

ती फार छान वाजवतेय. मी एकटी नाही. आई, मी एकटी ना —

वळण आलं. विसरली. माझी जागा. पुढचं नंतर लि