बटण दाबायचं राहिलं

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल, कारण ते माझं आहे आणि तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही. पत्ता तुमच्या दुकानातून घेतला. आता तिथं तुमचा मुलगा बसतो. तुमच्यासारखंच एका डोळ्याला भिंग लावून त्यानं मान वर न करताच पत्ता सांगितला. कोण विचारतंय, हे त्यानं विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मी बहुतेक घड्याळाचा पट्टा विकत घेऊन परत आले असते.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. त्या दिवशी तुम्ही समोरच्या फुटपाथवर उभे होता, टोपी हातात धरून. मी खिडकीतून पाहिलं. खाली माणूस पाठवून तुम्हाला वर बोलवावं, एवढं साधं काम होतं. मी पडदा नीट केला आणि आत गेले. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, ते अजून आहे. रोज सकाळी उठते तेव्हा तेही उठतं, दोघं मिळून चहा घेतो. पण पडदा ओढला तो दुःखानं नाही.

आधी बातमी सांगते. ह्यांची कागदपत्रं मोठ्या ग्रंथालयानं मागून घेतली आहेत. मला आधी थट्टाच वाटली. छापखान्यात मशीनवर उभा राहणारा माणूस, आयुष्यात एक वाद्य हातात धरलं नाही, टाळीसुद्धा चुकीच्या जागी वाजवायचा, त्याचे कागद कशाला कुणाला हवेत? पण तिथल्या बाई म्हणाल्या, वाजवणाऱ्यांच्या आठवणी सगळे ठेवतात, खुर्च्या मांडणाऱ्याच्या कुणी ठेवत नाही, म्हणून या गावात जॅझ कसं जगलं ते कुणालाच नीट माहीत नाही. मला तुम्हा सगळ्या वाजवणाऱ्यांची हाक आठवली, 'अरे खुर्चीवाल्या'. साठ घडीच्या खुर्च्या दर शनिवारी गोदामामागच्या हॉलमध्ये मांडायच्या आणि रात्री परत रचायच्या. वाजवणारे उपाशी येतात म्हणून डबा, छापखान्यातल्या उरलेल्या कागदपट्ट्यांवर पत्रकं, कुणाची तार तुटली तर धावपळ. जवळजवळ चाळीस वर्षं.

बाई दर मंगळवारी येतात. मागच्या खोलीत त्या खाली बसतात आणि एकेक कागद हातात घेतात, जणू तो झोपलेला आहे. गंजलेल्या टाचण्या काढतात, पत्रकं सपाट करतात, पेन्सिलीनं नंबर घालतात. पेन वापरत नाहीत. पहिल्या दिवशी मी मदत म्हणून पत्रकांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर त्या इतक्या दचकल्या की मीच त्यांना पाणी दिलं. ह्यांनी काय काय ठेवलं होतं ते आता कळतंय. फाटकी तिकिटं, तुमच्या ढोलवाल्याची मोडलेली काठी, कुणीतरी रुमालावर लिहिलेली सुरावट. आणि कॅसेटी, चारशेच्या वर. प्रत्येक डबीत बारीक अक्षरात भरगच्च लिहिलेलं कार्ड, कोण काय वाजवत होतं, कुठल्या क्रमानं, बाहेर पाऊस होता की नव्हता.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला तीन दिवस घेतले. दोनदा फाडलं.

भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. माझ्या वडिलांनी चौथी पास सांगितलं होतं. मी शाळेत गेले ती जेमतेम एक वर्ष, तेही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. ह्यांना पहिल्या महिन्यातच कळलं असणार. दिवसभर अक्षरांत हात काळे करणारा माणूस, त्याच्यापासून काय लपणार? पण ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. हॉलच्या दारात बसून मी पत्रकं वाटायचे, आठवतं? कुणी विचारलं, वहिनी, आज पुढं काय आहे, की मी म्हणायचे, आत्ताच सांगितलं तर मजा काय? सगळे हसायचे. वहिनी मोठी मिश्कील, असं माझं नाव झालं. त्या नावावर मी चौदा वर्षं काढली.

चौतिसाव्या वर्षी मी ठरवलं की पुरे. शेजारच्या मुलीचं जुनं पहिलीचं पुस्तक रद्दीतून उचललं आणि दुपारी दार लावून बसायला लागले. पण चुकलं तर सांगणार कोण? मग एक युक्ती सुचली. ह्यांचा टेपरेकॉर्डर कपाटात असायचा. त्यावर एक पान मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ऐकायचं. ऐकून अर्थ लागला तर वाचलेलं बरोबर. लागला नाही तर तिथं चूक. गुरूही मीच, पोरही मीच. दुसऱ्या महिन्यापर्यंत चार-पाच मिनिटं सलग वाचायला लागले होते, तेव्हा माझ्याजवळची, रेडिओवरची गाणी भरलेली जुनी कॅसेट झिजून तुटली.

मला दुसरी हवी होती. फळीवर ह्यांच्या कॅसेटी ओळीनं होत्या. मी डब्या उघडून पाहिल्या. सगळी कार्डं मुंग्यांच्या रांगांसारखी भरलेली. छापलेलं अक्षर मला लागत होतं, हातानं लिहिलेलं अजून नाही. एका कार्डावर मात्र दोनच ओळी होत्या. मला वाटलं, जिच्यावर इतकं थोडं लिहिलंय तिच्यात विशेष काय असणार? ती घेतली. तीन आठवडे रोज दुपारी त्यावर वाचलं. एक बाजू संपली, दुसरी सुरू केली. आधी त्यात काय आहे ते ऐकावं, हे सुचलं नाही. मला गाणी ऐकायची नव्हती, वाचायचं होतं.

त्याच तीन आठवड्यांत तुम्ही बसमधून उतरताना पडलात आणि पुढचे दात गेले. ट्रंपेट ओठांवर टेकतं पण त्याला आधार ओठांमागच्या पुढच्या दातांचा असतो, हे मला ह्यांनी तेव्हा सांगितलं. जेवता जेवता सांगितलं आणि मग जेवले नाहीत. तुम्ही तोंडाला रुमाल लावून घरी आलात तो रविवार मला स्पष्ट आठवतो. तुम्ही म्हणालात, शेवटच्या शनिवारचं वाजवणं ऐकव, ते दोन तुकडे मी पुन्हा वाजवू शकणार नाही, आणि लिहून तर कधी ठेवले नव्हते. हे फळीकडे गेले, आतल्या खोलीत टेप लावला, कानाला लावायचं ते लावून. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. मग आले आणि म्हणाले, माफ कर, बटण दाबायचं राहिलं त्या दिवशी.

तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. आयुष्यात एकच काम होतं तुला, तेही जमलं नाही. मग तुम्ही जिना उतरलात, सावकाश, एकेक पायरी. हे दारात उभे राहिले, जिन्यावरचा आवाज थांबेपर्यंत.

मला तेव्हा काही कळलं नाही. देवाशपथ सांगते, नाही कळलं. मला एवढंच वाटलं की ह्यांचं खरंच राहून गेलं. पुढच्या आठवड्यात पिठाच्या डब्याशेजारी पाच कोऱ्या कॅसेटींचं पाकीट ठेवलेलं दिसलं. कुणी ठेवलं, कशासाठी, एक शब्द नाही. माझं वाचन ह्यांना सापडलं म्हणून माझे कान गरम झाले. त्या पाकिटाचा आणि तुमच्या जिना उतरण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नवीन कॅसेट फोडली आणि दुपारी वाचत राहिले.

आठ महिन्यांनी मला ह्यांचं बारीक अक्षरही लागायला लागलं. एका दुपारी मी आनंदानं फळीवरच्या डब्या एकामागून एक वाचत सुटले. एवढी खुशीत आयुष्यात कधी नव्हते. आणि ती डबी हातात आली. पहिल्या ओळीत तुमचं टोपणनाव आणि त्या शनिवारची तारीख. दुसऱ्या ओळीत, लाल पेन्सिलीनं, 'पुसू नये'.

मी खाली बसले. उठले तेव्हा ह्यांची यायची वेळ झाली होती, आणि मी पोळपाट काढला.

तेव्हा तरी बोलायचं. तुमच्याकडे यायचं, पायऱ्या चढून, आणि सांगायचं. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांना कळणार, मिश्कील वहिनीला अक्षर कळत नव्हतं. त्या एका लाजेपायी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सव्वीस वर्षं झाली. दर शनिवारी कुणी ना कुणी ओरडायचं, खुर्चीवाल्या, आज तरी बटण दाबलंस का रे? एकजण तर दर वेळी त्यांचं बोट धरून बटणावर नेऊन ठेवायचा. हे हसायचे. मी दारात पत्रकं वाटत असायचे. आता ती वाचायचेही. हे मला एकदाही टोचून बोलले नाहीत, नजरेनंसुद्धा नाही. बोलले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. एकदा फक्त, तुमच्या दुकानावरून जाताना, चालता चालता म्हणाले, आत आहे बघ तो. आणि पुढं गेले.

मी पुस्तकं वाचली, भाऊजी. घरातली, वाचनालयातली, मिळतील ती. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती डबी आठवायची. मग विसरायचे. माणूस विसरतो, हे खोटं कशाला सांगू.

गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी बाईंनी विचारलं, दोनशे बारा नंबरच्या कॅसेटवर कोणी बाई अडखळत वाचतेय, 'कमळ बघ, बदक बघ' असं, आणि मध्येच स्वतःलाच रागावतेय. ह्या कोण? मी म्हणाले, माहीत नाही. इतक्या वर्षांनंतर, ह्यांच्या फोटोखाली बसून, माहीत नाही. त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'अनोळखी स्त्री, वाचन'. मग त्यांनी ह्यांची कार्यक्रमांची वही उघडून दाखवली. त्या शनिवारच्या पानावर ह्यांचं अक्षर आहे, 'रेकॉर्डिंग नाही. बटण दाबायचं राहिलं. चूक माझी.' बाई म्हणाल्या, किती प्रामाणिक माणूस, हे पान आम्ही काचेच्या पेटीत लावणार आहोत.

म्हणजे ती ओळ आता टिकणार. आपण सगळे गेल्यावरही कुणीतरी काचेवर वाकून वाचेल की या माणसाच्या हातून तुमचं शेवटचं वाजवणं गेलं. वहीतही त्यांनी माझ्यावरच पांघरूण घातलं, जिथं मी कधी बघणारही नव्हते.

परवा मी ग्रंथालयात गेले. बस बदलून, एकटी. बाईंना सांगितलं, ती यादी द्या. 'अनोळखी स्त्री' खोडलं आणि तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं. मग वहीच्या त्या पानासोबत ठेवायला एक कागद मागितला आणि त्यावर तुम्हाला आत्ता लिहिलं ते सगळं थोडक्यात लिहून सही केली. अक्षर पहिलीतल्यासारखं आलं. बाईंनी वाचलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आणि मग त्यांनी सांगितलं, जे मला माहीत नव्हतं आणि ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही आलात त्या रविवारी माझं वाचन दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत पोचलं नव्हतं. पुढं ते कधी पोचलंच नाही. शेवटची चार मिनिटं शिल्लक आहेत. ह्यांनी त्या रविवारी माझा आवाज ऐकून टेप मध्येच बंद केला असणार, शेवटपर्यंत ऐकलंच नसणार. मी 'आज एवढंच' म्हणते, खट् असं होतं, आणि पुढं तुम्ही आहात. मी ऐकलं नाही. बाई लावत होत्या, मी त्यांना थांबवलं. ते आधी तुम्ही ऐकायला हवं. वाजवणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते कुणाला ऐकवता येत नाही, म्हणून सोबत त्यांचा फॉर्म ठेवला आहे. सही करावी की नाही हे तुम्ही ठरवा. करायची नसेल तर फॉर्म कोराच पाठवा, पाकिटावर तिकीट लावलं आहे. इतक्या वर्षांत ह्यांना तुमच्याकडून एक ओळही आली नाही, त्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. पण राग असेल, आणि असणारच, तर मला बोला. येऊन बोला, लिहून बोला, आता मला वाचता येतं. त्या रविवारी दारात उभं राहून जे ह्यांनी ऐकून घेतलं, ते माझ्या वाटचं होतं.

तुमच्यासमोर मान खाली घालून, तुमचीच,
खुर्चीवाल्याची बायको